बसू दिलं तर काय मिळेल

४ मार्च

"बसू दिलं तर मला काय मिळेल?" — साहेबांनी आज हे विचारलं. रागानं नाही. अगदी शांतपणे, चष्मा पुसत.

झालं असं की सकाळी लॉन्ड्रीत इस्त्रीच्या रोलरवरची बाई उभ्या उभ्या कोसळली. पडताना कोपर तापलेल्या रोलरला लागलं. मी धावत गेले तोवर दोघींनी तिला ओढून बाजूला घेतलं होतं. डॉक्टर, मलमपट्टी, सगळं झालं. खर्च साहेबांनी स्वतःहून केला, तेवढं मान्य करायला हवं. मग मी केबिनमध्ये गेले आणि कधीचं पोटात ठेवलेलं बोलून टाकलं — बायकांना हॉलमध्ये बसायला काहीतरी द्या. दिवसभर उभ्या असतात. काम नसतं तेव्हासुद्धा उभ्या.

"कळवळा मलाही आहे हो मॅडम," म्हणाले. "पण कळवळ्यावर बॉयलर चालत नाही. मला कागदावर दाखवा. यांना चांगलं वागवलं तर धंद्याला फायदा काय, तेवढंच. आकडा आणा, मी लगेच सही करतो."

आकडा आणा! थकलेल्या माणसाला बसावंसं वाटतं, हे आता मी सिद्ध करून दाखवायचं. शाळेत त्रिकोण सिद्ध केले होते ते बरे होते. ते निदान कोसळत नव्हते.

५ मार्च

कागदावर शीर्षक लिहिलं: "कर्मचाऱ्यांना चांगली वागणूक — व्यावसायिक फायदे". वाचलं. लाज वाटली. चहा प्यायला गेले.

७ मार्च

मनुष्यबळ विभाग म्हणजे मी आणि एक कपाट. कपाट जास्त काम करतं असं आमचे हे म्हणतात.

आज कागद बाजूला ठेवून हॉलमध्ये जाऊन उभी राहिले. आमच्या लॉन्ड्रीत इस्पितळांच्या आणि हॉटेलांच्या चादरी येतात, अभ्रे, टॉवेल. धुवायला यंत्र, वाळवायला यंत्र, इस्त्रीला तो रोलर. घडी मात्र अजून माणसाच्या हातची. दोघी-दोघींची जोडी — चादरीची टोकं धरायची, एक झटका, चालत जवळ यायचं, टोकं जुळवायची, पुन्हा मागे. लांबून छान दिसतं. नवीन नोकरीला लागले तेव्हा मीसुद्धा कौतुकानं बघत राहिले होते. मग ऑफिसात जाऊन खुर्चीवर बसले.

चादरीची घडी उभ्यानंच करावी लागते, मान्य. पण अभ्रे आणि टॉवेल बसून होतात. आणि रोलरकडून गाडा यायचा असतो तेव्हा तर हातात काहीच नसतं. तरी उभंच राहायचं. मुकादम म्हणतात, "उभं माणूस कामात दिसतं." बसलेलं माणूस कामात असलं तरी दिसत नाही, असं त्यांचं शास्त्र आहे. आणि तो बिल्ला! दाराजवळच्या खिळ्याला टांगलेला. तो गळ्यात घालायचा, बाथरूमला जाऊन यायचं, परत खिळ्याला लावायचा, मग दुसरीनं जायचं. अख्ख्या हॉलला एकच बिल्ला. बायका पाणी पीतच नाहीत.

मोठ्या जाऊबाई याच हॉलमध्ये आहेत. मोठे दीर गेल्यावर लागल्या, मी यायच्याही आधी. आमच्याकडेच राहतात. हॉलमध्ये मला 'मॅडम' म्हणतात, तेही न हसता. घराचा उंबरा ओलांडला की 'अगं' सुरू. त्यांच्या पायांच्या शिरा सुजून दोरीसारख्या झाल्या आहेत. टाचेच्या वर एक जखम आहे, ती भरायचं नावच घेत नाही. संध्याकाळी बादलीत पाय सोडून बसतात आणि कुणी आलं की वरून टॉवेल टाकतात. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय, उभं राहणं कमी करा, नाहीतर पायाचं काही खरं नाही. ह्यांनी किती वेळा म्हटलं, "वहिनी, सोडा ती नोकरी, आम्ही आहोत ना." त्यांचं एकच उत्तर: "भाऊजी, तुम्ही आहातच. पण माझे हातपाय चालताहेत तोवर मी तुमच्या जिवावर खाणार नाही."

म्हणजे नोकरी सुटणार नाही. आणि अशीच चालू राहिली तर पाय राहणार नाही. साहेबांच्या कागदावर ही ओळ कुठे लिहू?

११ मार्च

हिशेबनीसांकडे बसून आकडे काढले. किती बायका सोडून गेल्या, नवीनला हात बसायला किती वेळ लागतो, डाग न दिसता पुढे गेलेल्या किती चादरी गिऱ्हाइकांनी तोंडावर फेकल्या. सगळं छान जुळत होतं. मला हुरूप आला होता.

मग हिशेबनीसांनी पेन्सिल कानाला लावली. "मॅडम, नवीन बाई शिकेपर्यंत कमी पगारावर असते. आणि गेटवर रोज चारजणी विचारायला येतात. म्हणजे जुनी सोडून गेली की आपली उलट बचतच होते. हे घालायचं का तुमच्या कागदात?"

अगदी प्रामाणिकपणे विचारत होते. मदतच करत होते बिचारे.

१२ मार्च

नाही घातलं.

१५ मार्च

साहेबांनी कागद वाचला. म्हणजे चाळला. "चांगली माणसं टिकतात, चुका कमी होतात, गिऱ्हाईक खूश राहतं... हे सगळं पुस्तकातलं झालं, मॅडम. माझ्या हॉलमधलं काय?"

मी म्हटलं, मग तुमच्याच हॉलमध्ये करून बघा. हे कुठून सुचलं देव जाणे. तोंडातून निघून गेलं. आणि ते चक्क हो म्हणाले!

ठरलं ते असं: एप्रिलभर खिडकीकडच्या बाजूला प्रयोग. त्या बाजूच्या बायकांना स्टुलं, बिल्ला नाही, सकाळी आणि दुपारी थोडी विश्रांती, जोडीदार जिची तिनं निवडायची. भिंतीकडच्या बाजूला सगळं जुनंच. रोजच्या घड्या मुकादम मोजणार. "आकडा वाढला तर सगळ्या हॉलला देईन," साहेब म्हणाले. "नाही वाढला तर स्टुलं विकून टाकू, आणि हा विषय पुन्हा माझ्या टेबलावर आणायचा नाही. मंजूर?"

मी मंजूर म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

जाऊबाई खिडकीकडच्या बाजूला आहेत. घरी आल्यावर सांगितलं. त्या म्हणाल्या, "बघ बाई. तुझ्या अंगाशी येऊ देऊ नकोस."

१६ मार्च

हे म्हणतात, "त्यांना सरळ सांगायचं ना, माणसं आहेत म्हणून." 

ते सांगून झालं.

३० मार्च

जेवणाच्या सुट्टीत खिडकीकडच्या बायकांना गोळा करून समजावलं. कुणाला विश्वासच बसेना. एक बाई अखंड बोलते म्हणून तिला सगळे रेडिओ म्हणतात. ती म्हणाली, "म्हणजे मॅडम, बसायचा पगार मिळणार? मग आमच्या नवऱ्याला पण लावून घ्या, त्याचा हात कुणी धरणार नाही." सगळ्या हसल्या. मुकादमसुद्धा हसले, म्हणजे मिशी हलली.

मी म्हटलं, हसण्यावारी नेऊ नका. साहेबांना आकडा हवाय. आकडा चांगला आला तर सगळ्या हॉलला मिळेल, कायमचं. नाही आला तर काहीच नाही, आणि मलाही पुन्हा तोंड उघडता येणार नाही. सगळं त्या आकड्यावर आहे. तेवढा चांगला आला पाहिजे हं, असं दोनदा सांगितलं.

रेडिओनं बाकीच्या बायकांकडे एकदा पाहिलं. मग म्हणाली, "येईल, मॅडम. तुम्ही काळजी करू नका."

३ एप्रिल

स्टुलं आली. निळी. पायांना अजून प्लास्टिक गुंडाळलेलं.

बिल्ला मी स्वतः खिळ्यावरून काढला आणि माझ्या कपाटात टाकला. इतकं बरं वाटलं की घरी येताना दोनदा आठवून हसले. मग स्वतःवरच वैतागले. बाथरूमला जायची परवानगी मिळवली म्हणून आनंद! कुठे येऊन पोचलो आपण.

९ एप्रिल

आकडा वाढतोय!! पहिल्या दोन दिवसांत भिंतीकडच्या बाजूला मागे टाकलं. मुकादमांनी पुन्हा मोजलं. तेवढाच भरला. मग माझ्याकडे असं पाहिलं की मी काहीतरी जादूटोणा केलाय.

मी हॉलमध्ये पाऊल टाकायचं नाही असं ठरवलंय. नाहीतर उद्या साहेब म्हणायचे, तुम्ही डोक्यावर उभ्या होतात म्हणून त्यांनी केलं. कानाला खडा. महिना संपेपर्यंत मी आणि कपाट.

१८ एप्रिल

जाऊबाई आल्या आल्या आडव्या झाल्या. जेवल्याही नाहीत. बादली भरून नेली तर झोपलेल्या. पायाची जखम ओली झालीये, पट्टीतून दिसत होतं.

उठल्यावर म्हटलं, ताई, आता तर बसायला मिळतंय ना? "हो, बसते की," म्हणाल्या आणि कूस बदलली. वय झालं आता, दुसरं काय. इतक्या वर्षांचं उभं राहणं एका महिन्याच्या बसण्यानं थोडंच भरून निघतं? हे आधी व्हायला हवं होतं. फार आधी.

२३ एप्रिल

भांडारात कामाला गेले होते, दारातून सहज हॉलकडे नजर गेली. स्टुलांचं प्लास्टिक अजून काढलेलंच नाही! आमच्याकडेही सोफ्याचं कव्हर पाहुणे आल्याशिवाय निघत नाही, त्यातलाच प्रकार. इतकं जपून वापरतात. मला उगाच भरून आलं.

३० एप्रिल

महिना संपला. खिडकीकडची बाजू भिंतीकडच्या बाजूच्या जवळजवळ सव्वापट. डागाच्या चादरी परत आल्याच नाहीत म्हटलं तरी चालेल. हिशेबनीसांनी कानाची पेन्सिल काढून माझ्या हातात दिली. बक्षीस म्हणे.

जीव भांड्यात पडला. ह्यांना सांगितलं तर ते म्हणाले, "म्हणजे चांगुलपणा परवडतो तर." चेष्टेनं म्हणाले, पण मला ते आवडलं. जाऊबाईंना सांगायला गेले. त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, "झालं ना तुझ्या मनासारखं? बास." डोळे मिटलेलेच होते.

मला आनंद झाला की मी लगेच मागे वळून बघते, कोण येतंय म्हणून. आज नाही बघणार.

४ मे

बघायला हवं होतं.

साहेब उठून उभे राहिले. खरोखर उभे राहिले आणि हात पुढे केला. "मॅडम, मानलं. मी चुकीचा होतो." उद्यापासून सगळ्या हॉलला स्टुलं, बिल्ला बंद, विश्रांती, सगळं. तिथल्या तिथे सही केली. एवढ्या वर्षांत वरिष्ठांच्या तोंडून 'मी चुकीचा होतो' हे पहिल्यांदा ऐकलं.

मी दारापर्यंत पोचले होते. "आणि हाच आकडा आता धरायचा," ते म्हणाले. "सगळ्या हॉलला. टार्गेट."

मी म्हटलं, साहेब, तो प्रयोगाचा आकडा आहे.

"हो, पण तुमचाच आहे ना?"

माझाच आहे. कागदावर खाली माझी सही आहे.

५ मे

स्वतःची समजूत घालतेय. खिडकीकडच्या बायकांनी महिनाभर रोज केलंय ते. आरामात बसून, पाणी पिऊन केलंय. मग टार्गेट म्हणून लावलं तर बिघडलं कुठे? भिंतीकडच्यांनाही आता स्टुलं आहेत. जमेल.

१३ मे

नाही जमत. भिंतीकडच्यांना सोडा, खिडकीकडच्यांनाही जमत नाही. त्याच बायका, तेच गाडे, तेच टॉवेल. एप्रिलच्या कितीतरी खाली. मार्चपेक्षा वर आहे, हे मी साहेबांना दाखवलं. मार्चची कुणाला आठवणच नाही.

१६ मे

मुकादम मिशीतून म्हणाले, "सांगत नव्हतो?"

काय सांगत नव्हते ते सांगितलं नाही.

२० मे

साहेबांनी बोलावलं. आवाज अजूनही शांत. "सवलत नवी असते तोवर माणूस जोर लावतो. अंगवळणी पडली की सैलावतो. तुम्ही भल्या आहात, तुम्हाला कळत नाही." स्टुलं काढणार नाहीत म्हणे, दिलेला शब्द ते पाळतात. पण टार्गेट गाठायचं नसेल त्यांनी दुसरं काम बघावं. "चांगलं वागवायचं ते चांगल्या माणसांना. तुमच्याच कागदात आहे."

आहे. 'चांगली माणसं टिकतात.' मी लिहिलं होतं. वाचताना त्यांनी ते उलट्या बाजूनं धरलं एवढंच.

पहिल्या तिघींना आज पत्रं दिली. पत्रांवर सही मनुष्यबळ विभागाची, म्हणजे माझी, कपाटाची नाही. रेडिओ त्यात होती. तिनं पत्र घेतलं. काहीतरी बोलेल असं वाटलं. माझ्याकडे बघितलं आणि गेली. तिला गप्प बघणं मला सोसवलं नाही.

२२ मे

आज एक भयंकर गोष्ट झाली आणि ती कुणालाच दिसली नाही.

हॉलमध्ये गेले. गाडा यायचा होता. सात-आठजणी स्टुलांवर बसल्या होत्या, एक पाय चोळत होती, एक डोळे मिटून पाणी पीत होती. ज्यासाठी मी मार्चपासून डोकं फोडून घेतलं, अगदी तेच समोर होतं. आणि मला राग आला. खराखुरा राग. बसल्यात काय अशा, टार्गेट कोण गाठणार — हेच मनात आलं.

ऑफिसात येऊन दार लावून घेतलं. माझ्यात आणि मुकादमांच्यात आता फक्त मिशीचा फरक उरलाय.

२७ मे

साहेबांनी आज दार स्वतः लावलं, मला खुर्ची दिली, पाणी मागवलं. "पुढच्या नावांमध्ये तुमच्या जाऊबाई आहेत. खिडकीकडच्या बाजूला सगळ्यात मागे त्याच पडल्यात. घरचं माणूस, म्हणून पत्र पाठवलं नाही. तुम्हीच बघा कसं सांगायचं ते."

चांगुलपणानंच म्हणाले.

घरी येईपर्यंत शब्द जुळवत होते. जाऊबाई बादलीत पाय सोडून बसल्या होत्या. सांगितलं. त्या नुसत्या मान हलवत राहिल्या, जशा काही त्यांना माहीतच होतं. त्यांची ती शांतता बघून माझं डोकं फिरलं. म्हटलं, ताई, एप्रिलमध्ये जमत होतं ना सगळ्यांना? मे उजाडला आणि काय झालं तुम्हाला? बसायला मिळालं म्हणून अंग चोरायला लागलात? मी तुमच्यासाठी तिथे नाक घासलं आणि तुम्ही सगळ्यांनी मिळून मला तोंडघशी पाडलंत!

हे मधे पडले. मला आत नेलं. बाहेर बादली ओतल्याचा आवाज आला. ती रोज मी ओतते.

२८ मे

सकाळी जाऊबाईंनी मला चहा दिला आणि समोर बसून सगळं सांगितलं. हळू आवाजात, माझी समजूत काढत असल्यासारखं.

एप्रिलभर खिडकीकडची एकही बाई बसली नव्हती. विश्रांतीची घंटा झाली तरी घड्या चालूच. बिल्ला नव्हता, तरी कुणी बाथरूमला जायचं नाही म्हणून सकाळपासून पाणीच प्यायचं नाही, असं रेडिओनं सगळ्यांकडून कबूल करून घेतलं होतं. एकदा आकडा आला, स्टुलं कायमची झाली, की मेपासून बसायचं, असं ठरलं होतं.

मी विचारलं, मला का नाही सांगितलंत?

"तू बसा म्हणाली असतीस तर बसलो असतो गं," त्या म्हणाल्या. "तू आकडा मागितलास."